नव्वद किलोनं नाही, तीस किलोनं भरली उसण

सोयाबीनचा हंगाम होता. लातूरच्या एका गोदामात मी सुरक्षा तपासणीला गेलो होतो. दुपारच्या चहानंतर टोळीतले एक वयस्क हमालमामा कमरेवर हात ठेवून जागीच थांबले. सकाळपासून त्यांनी ट्रकच्या हौद्यातून नव्वद-नव्वद किलोची पोती पाठीवर घेऊन थप्पीला लावली होती. उसण भरली ती सांडलेला माल भरलेल्या अर्ध्या पोत्यानं. काट्यावर ते तीस किलो भरलं.

मुकादम म्हणाला, "साहेब, एवढ्याशा वजनानं काय होतंय? जुनंच दुखणं असंल."

जुना ताण असेलही. नव्वद किलो पाठीवर वाहणं निर्धोक नाहीच. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1967च्या शिफारशीत पुरुषासाठी कमाल 55 किलो सांगितले आहेत. पण ट्रकवरचं पोतं खांद्याच्या उंचीवर मिळतं, दोघं ते पाठीवर देतात, आणि भार मणक्याला चिकटून पायांत उतरतो. अर्धं पोतं मात्र लाकडी पॅलेटच्या पलीकडे जमिनीवर पडलं होतं. पाय पुढे घ्यायला जागा नाही, म्हणून मामा पॅलेटवरून वाकले. टेपनं मोजलं तर घोट्यापासून पकडीपर्यंतचं अंतर 50 सेंटीमीटर. कमरेमागचे स्नायू मणक्यापासून जेमतेम 5 सेंटीमीटरवरून ओढतात. म्हणजे तीस किलो तोलायला त्यांना सुमारे तीनशे किलोचा जोर लावावा लागतो, धडाचं स्वतःचं वजन वेगळंच. शिवाय पोतं ज्यावर टाकायचं तो वजनकाटा डाव्या हाताला. पाय रोवलेले, कंबर वळलेली. अशा वेळी मणक्यातल्या चकतीच्या एका बाजूवर जास्त ताण जातो.

कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या 'नायॉश' संस्थेचं 1991चं वजन उचलण्याचं सूत्र इथं लावून बघण्यासारखं आहे. सगळं अनुकूल असेल, म्हणजे वजन घोट्यांपासून 25 सेंटीमीटरवर आणि जमिनीपासून 75 सेंटीमीटर उंचीवर, तर मर्यादा 23 किलो. अंतर 50 झालं की ती निम्मी, साडेअकरा. जमिनीवरून उचललं की नऊच्या आत. त्यात 45 अंश वळलं की साडेसातच्या आसपास. तिथं तीस किलो उचलले गेले.

चहाची वेळही यात आली. उकिडवं बसून पाठ बराच वेळ वाकलेली राहिली की मणक्याचे बंध सैल पडतात. उठल्याउठल्या जड उचलू नये. दोन-चार मिनिटं चालावं, हात कमरेवर ठेवून पाठ हलकेच मागे झुकवावी, मगच पोत्याला हात घालावा.

तेवढ्यात कुणीतरी पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेल्या, माणसाला बोलवायला निघालं, लाथ मारून उसण काढायला. ते मी थांबवलं. अशा वेळी कंबर चोळून, ओढून, कडकड मोडून घेऊ नये. कुशीवर, गुडघे दुमडून थोडं पडावं आणि दुखणं सोसेल तसं चालायला लागावं. आठवडाभर अंथरूण धरल्यानं पाठ आणखी जखडते. पण दोन्ही पायांत बधिरपणा, बैठकीच्या जागी मुंग्या, लघवी अडणं किंवा नकळत होणं, पायातली ताकद जाणं, यातलं एकही दिसलं तर त्याच घटकेला दवाखाना. तिथं तासांवर सगळं अवलंबून असतं. मामांना यातलं काही नव्हतं.

संध्याकाळी जागा बदलली. काटा उचलून थप्पीच्या अगदी समोर आणला, म्हणजे कंबर वळवावी लागणार नाही; वळायचं झालंच तर पावलं टाकून वळायचं. सांडलेला माल जमिनीवर न भरता मांडीच्या उंचीच्या ओट्यावर भरायचा, पोत्यात वीस किलोच्या आत. थप्पीभोवती पाऊल मावेल एवढी मोकळी जागा. जमिनीवरचं पोतं उचलायचंच झालं तर दोघांनी, दोन्ही टोकांचे कान धरून, गुडघ्यात वाकून, मुकादमाच्या एकाच हाकेवर. कमरपट्ट्याची मागणी आली. पट्टा मणक्यावरचा भार कमी करतो असा भरवसा धरता येत नाही, आणि तो बांधला की माणूस जास्त उचलायला धजावतो. म्हणून ते पैसे दोन चाकांच्या हातगाडीला लावायला सांगितले.

पोतीच पन्नास किलोची करा, हे मी सुचवलं तेव्हा टोळीच गप्प झाली. हमाली क्विंटलवर मिळते. पोतं लहान झालं तर खेपा वाढतील आणि पैसे तेवढेच राहतील. त्यामुळे आडत्याशी पुढची बैठक पोत्याच्या वजनावर नाही, हमालीच्या दरावर लावली.