तुम्ही विचारलंत म्हणून: तलाठीबाई, तुम्ही संपावर का गेला होतात?

मार्च २०२३ मध्ये आम्ही राज्य सरकारचे कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेलो, त्या संपाबद्दल मला लोक अजून विचारतात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये, लग्नाच्या पंगतीत, परवा धायरीत गिरणीवर दळण टाकायला गेले तर तिथेही. पक्की नोकरी, वेळेवर पगार, तोही आमच्या टॅक्समधून, मग तुम्हाला संप कसला करायचा असतो? आणि मी तलाठी आहे म्हटल्यावर (आता कागदोपत्री ग्राम महसूल अधिकारी, पण गावात अजून तलाठीच म्हणतात आणि मला तेच बरं वाटतं) लगेच पुढचं वाक्य येतं, तुम्हाला तर वरचंही मिळतं. मी दरवेळी अर्धवट उत्तर दिलंय, कधी चिडून, कधी विषय बदलून. आज पूर्ण देते.

आधी वरच्या कमाईचं. मी घेत नाही. घेणारे आहेत, मला माहीत आहेत, तुम्हालाही माहीत आहेत. त्यातला कुणी लाचलुचपतच्या ट्रॅपमध्ये सापडला तर आमची संघटना त्याचं सभासदत्व काढत नाही, हे मला फार लागतं. मीटिंगमध्ये मी ते एकदा बोलले, नंतर बोलायचं सोडून दिलं. ती माझी चूक.

आता संपाचं. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन, म्हणजे निवृत्तीनंतर सरकारकडून आयुष्यभर मिळणारी ठरलेली रक्कम, नाही हे तुम्हाला पाठ आहे, मी २००९ ला लागले, एवढं पुरे. पण तुम्ही जे धरून चालता की आम्ही संघटित आहोत म्हणजे आम्ही सरकारशी सौदा करून हवं ते पदरात पाडून घेतो, तिथेच सगळं चुकतं.

माझा नवरा चाकणला कंपनीत आहे. त्यांच्याकडे तीन-साडेतीन वर्षांनी वेतनकरार होतो. युनियन मागण्यांची यादी देते, मॅनेजमेंट समोर बसते, महिनोन्‌महिने घासाघीस चालते, मध्येच काळ्या फिती लावून काम होतं, कॅन्टीनमध्ये जेवायचं बंद होतं, आणि शेवटी एका कागदावर दोन्ही बाजूंच्या सह्या होतात आणि त्या रात्री आमच्या घरी पेढे येतात. तो कागद कंपनीला पाळावा लागतो, नाही पाळला तर युनियन लेबर कोर्टात जाते. आमच्याकडे असा कागद नसतो. आमच्याकडे निवेदन असतं. निवेदन द्यायचं, पोच घ्यायची, फोटो काढायचा, मग चर्चेला बोलावणं येण्याची वाट बघायची, मग समिती, मग समितीला मुदतवाढ. समोरच्याने सही केलीच पाहिजे असा एकही टप्पा यात नाही. आणि संपाचं म्हणाल तर १९७९ च्या वर्तणूक नियमांत त्याला बंदीच आहे, आणि ऑगस्ट २००३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तामिळनाडूच्या केसमध्ये स्पष्ट सांगितलं की सरकारी कर्मचाऱ्याला संपाचा मूलभूत, कायदेशीर, नैतिक असा कुठलाच हक्क नाही. तिथे तर त्याआधी सरकारने संपावर गेलेली दीड लाखाहून जास्त माणसं एका झटक्यात घरी बसवली होती, बहुतेकांना नंतर परत घेतलं ती गोष्ट वेगळी.

आमच्या बिल्डिंगमधले एक काका, मुलगा अमेरिकेत असतो, त्यांनी मला अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं १९३७ सालचं पत्र पाठवलं होतं. त्यात म्हटलंय की खासगी नोकरीतली सामूहिक वाटाघाटी सरकारी नोकरीत जशीच्या तशी लावता येत नाही, कारण इथे मालक म्हणजे सगळी जनता. काका म्हणाले, बघा, कामगारांची बाजू घेणारा माणूससुद्धा हेच म्हणतो. मी ते पत्र दोन-तीनदा वाचलं आणि मला ते पटलं, खरंच पटलं. कंपनीने जास्त पगार कबूल केला तर कंपनीचा नफा कमी होतो, सरकारने कबूल केला तर कुठला तरी रस्ता राहतो, कुठली तरी शाळा गळत राहते, आणि कबूल करणारा मंत्री स्वतःच्या खिशातून देत नाही. पगार आणि पेन्शनवर राज्याचा केवढा पैसा जातो ते मला कळतं हो, मी महसूल खात्यातच आहे. पण काका, मालक जर सगळी जनता असेल तर मी बोलायचं कुणाशी? टेबलाच्या पलीकडे कुणीतरी बसलं पाहिजे ना.

माझे वडील १९७७-७८ च्या संपात होते. कर्मचाऱ्यांचे नेते र. ग. कर्णिक यांचा तो ५४ दिवसांचा संप, केंद्राप्रमाणे महागाई भत्ता मिळावा म्हणून. माझा जन्म नंतरचा, पण आईच्या पाटल्या सोनाराकडे गेल्या आणि आजीने गावाहून ज्वारीचं पोतं एसटीच्या टपावरून पाठवलं, ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीये की मला ते पोतं दिसतं. वडिलांना पेन्शन मिळाली, ते गेल्यावर आता आईला मिळते. तिच्या औषधांसाठी तिला माझ्यापुढे हात पसरावा लागत नाही. मी म्हातारी होईन तेव्हा माझ्या मुलीचं आणि माझं असंच असेल का, हे मला माहीत नाही. संपाला जाताना माझ्या डोक्यात एवढंच होतं. जनतेचं भलं वगैरे काही नव्हतं, उगाच कशाला सांगू.

आणि मीच २००७ मध्ये सदाशिव पेठेत कॉटबेसिसवर राहून परीक्षा देत होते तेव्हा काय म्हणायचे ते सांगते. अभ्यासिकेच्या बाहेर चहा पिताना पेपरात संपाच्या इशाऱ्याची बातमी आली की मी म्हणायचे, या सगळ्यांना काढा आणि आम्हाला घ्या, निम्म्या पगारात करतो. अगदी मनापासून म्हणायचे. २०२३ मध्ये माझा भाचा हेच वाक्य माझ्या तोंडावर बोलला, तोही पेठेतच राहतो. त्याच वर्षी तलाठ्यांची भरती निघाली, ४,६४४ जागा, अर्ज दहा लाखांच्या वर, खुल्या गटाला फी हजार रुपये. तो म्हणाला, मावशी, तू ज्या खुर्चीवर रुसून बसलीयेस ना तिच्यासाठी मी हजार रुपये भरून रांगेत उभाय. मी त्याला म्हणाले, निम्म्या पगारात एकदा काम झालं की पुढे कुणाचाच पूर्ण पगार राहणार नाही, तुझाही नाही. तरी त्याचं वाक्य गेलं नाही डोक्यातून. त्याच्याजागी मी होते आणि मी चूक नव्हते, उपाशी माणूस ताटाकडे बघणारच.

आता ते सांगते जे मी कुणालाच नीट सांगितलेलं नाही.

संप मंगळवारी सुरू झाला, १४ मार्चला. शुक्रवारी आम्ही पुण्यात कलेक्टर ऑफिसबाहेर बसलो होतो, डोक्यावर ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ची टोपी, ऊन मरणाचं. त्याआधीच्या संध्याकाळी माझ्या सजातल्या (सजा म्हणजे एका तलाठ्याकडची गावं) दोन गावांत गारा पडल्या होत्या. त्या आठवड्यात राज्यात बऱ्याच ठिकाणी अवकाळी झाला. दुपारी फोन आला, गावातल्या एका आजींचा. नवरा नाही, मुलगा नाही, सून आणि नातू, पाऊण एकर कांदा आणि वीस गुंठे गहू.

"बाई, गहू समदा आडवा झालाय. कांद्यात पानी हाय. पंचनाम्याला कवा येताय?"

मी म्हणाले, आजी, संप चालू आहे, मिटला की पहिल्यांदा तुमच्याकडे येते.

"कवा मिटंल?"

माहीत नाही म्हणाले. तेवढ्यात मागे घोषणा सुरू झाल्या, मला कानावर हात ठेवावा लागला. त्यांना ऐकू गेलं. म्हणाल्या, "गलका कसला हाय?" मी म्हणाले, आम्हीच आहोत आजी. त्या जरा गप्प झाल्या. मग विचारलं, "मंग गहू काढू का तसाच ठिवू?"

शेतात न राबलेल्यांसाठी सांगते हा प्रश्न काय आहे. पंचनामा तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून करतात आणि आम्ही तिघंही संपावर होतो. पंचनाम्यात जे रानात दिसतं ते लिहायचं असतं, नुकसान ३३ टक्के किंवा त्याच्या वर असेल तर मदत. आडवा झालेला गहू लगेच काढला, वाळवला तर निम्मा तरी घरात येतो, पण मग रान मोकळं, दाखवायला काही नाही. आणि आमच्यासाठी तसाच ठेवला तर ओल्या जमिनीवर ओंब्यांना कोंब फुटतात आणि सगळाच जातो. म्हणजे त्या मला विचारत होत्या की तुमच्यावर विश्वास ठेवू का स्वतःच्या डोळ्यांवर. आणि मी म्हणाले, नातवाला फोटो काढून ठेवायला सांगा, आणि दोन दिवस थांबा.

दोन दिवस थांबा. हे मी कशाच्या जोरावर म्हणाले? मला काय माहीत होतं दोन दिवसांत मिटेल म्हणून? मी स्कूटीवर बसून जाऊ शकले असते. रजिस्टर नसतं तरी बघून आले असते, काढा म्हणाले असते. मी गेले नाही, कारण आमच्यातल्या एकीने आदल्या दिवशी गुपचूप दाखले सही करून दिले होते आणि ग्रुपवर तिला काय काय ऐकावं लागलं ते मी वाचलं होतं. मी त्या ग्रुपवर त्याच रात्री लिहिलं की आपला लढा शेतकऱ्याच्याही पोरांसाठी आहे. शंभराच्या वर अंगठे आले. ते वाक्य मला आज वाचवत नाही.

सोमवारी २० तारखेला मुख्यमंत्र्यांशी चर्चा झाली आणि संप मागे घेतला. तीन निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती, तीन महिन्यांत अहवाल. मंगळवारी हजर झालो, बुधवारी पाडवा. पाडव्याला सुट्टी असूनही आम्ही तिघं गावात गेलो. आजींच्या दारात गुढी होती, हिरवं लुगडं, साखरेची गाठी. थांबल्या होत्या त्या, माझ्या शब्दावर चार दिवस थांबल्या होत्या आणि सोमवारी परत आभाळ भरून आलं तेव्हा सुनेला घेऊन गहू काढला होता. बांधाला पेंढ्या रचलेल्या. मी एक ओंबी हातात घेतली तर दाण्यादाण्यातून पांढरे कोंब आलेले, बोटाला ओलसर, आंबूस वास. कृषी सहायक हळूच म्हणाले, मॅडम, उभं पीक नाही, गव्हाचं लिहिता येणार नाही. नातवाच्या फोटोत नुसतं धुरकट हिरवं-पिवळं दिसत होतं. आम्ही कांद्याचं लिहिलं. गव्हाचं लिहिलं नाही.

आजींनी अंगठा दिला. भांडल्या नाहीत, मला वाटत होतं भांडाव्यात. निंबाचा पाला आणि गूळ हातावर ठेवला आणि विचारलं, "तुमचं मिळालं का बाई?"

मी म्हणाले, समिती नेमलीये, बघून रिपोर्ट देणार आहेत.

"म्हंजी तुमचाबी पंचनामाच," त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच तसंच समजलं होतं.

कांद्याची मदत पुढे खात्यावर आली. गव्हाचं गेलं ते गेलं. आमचे संपाचे दिवस रजेत धरले गेले.

आता तुम्ही म्हणाल, मग पस्तावा होतो ना, सांगा की संप चुकला म्हणून. नाही सांगत. शेजारच्या सजातला आमचा एक सहकारी, माझ्यानंतर लागलेला, कोविडमध्ये गेला. मागे बायको आणि दोन पोरं, आणि कुटुंब निवृत्तीवेतन नाही. ३१ मार्च २०२३ ला, संप मिटून अकरा दिवस झाले होते, सेवेत असताना गेलेल्यांच्या कुटुंबांना ते द्यायचा शासन निर्णय निघाला. निवेदनं आम्ही त्याआधी किती वर्षं देत होतो. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने युनिफाइड पेन्शन आणली, २५ वर्षं सेवा असेल तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी, आणि राज्याने दुसऱ्याच दिवशी ती स्वीकारली. जुन्या पेन्शनसारखी ती नाही, पण दहा वर्षं हे अशक्य आहे असं आम्हाला सांगितलं जात होतं. रस्त्यावर न बसता हे झालं असतं असं कुणी मला म्हणालं तर मी ऐकून घेणार नाही. आणि त्या रस्त्यावर बसण्याचे पैसे आजींनी भरले, वीस गुंठ्यांचे, हे कुणी नाकारलं तर तेही ऐकून घेणार नाही.

मागच्या मीटिंगमध्ये मी उठून म्हणाले की पुढच्या वेळी पंचनामे संपातून वगळू या, आपणच आधी जाहीर करू. मागून दोघी-तिघींनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष शांत माणूस आहेत, ते म्हणाले, ताई, पंचनामे वगळले, मग दाखले वगळा, मग दवाखाने वगळा, मग कुणाचं काय अडलंय म्हणून सरकार आपल्याला बोलावेल? मला उत्तर देता आलं नाही. मी म्हणाले, तरीपण वगळा. त्यांनी विषय वहीत लिहून घेतला आणि पुढच्या बैठकीवर ठेवला.