तिला वाटत होते, गुन्हा तिचाच आहे

पोलीस ठाण्यात महिला व मुलांसाठी जो विशेष साहाय्य कक्ष असतो, तिथे मी समुपदेशक आहे. १९८४ साली मुंबई पोलीस आयुक्तालयात सुरू झालेली ही व्यवस्था पुढे राज्यभर पसरली. आमच्याकडे बहुतेक तक्रारी नवऱ्याच्या किंवा सासरच्या असतात. ही बाई मात्र ज्याच्यावर तिने नवऱ्याला चोरून प्रेम केले, त्याच्या भीतीने आली होती. (ओळख पटेल असे सारे तपशील मी गाळले आहेत.)

सुरुवातीला त्याची काळजी तिला सुखावत असे. मग लाइव्ह लोकेशन सतत सुरू ठेवणे आले, कार्यालयात कोणाशी हसलीस याचा जाब आला, आणि शेवटी, ती नवऱ्याशेजारी झोपत नाही ना हे पाहण्यासाठी रात्रभर व्हिडिओ कॉल चालू ठेवण्याची सक्ती आली. तिने संबंध तोडायचे म्हटले, तेव्हा त्याने आधी मनगट कापून घेतल्याचा फोटो पाठवला आणि नंतर तिचे खासगी फोटो सासरच्या ग्रुपवर टाकण्याची धमकी दिली. तो मुलाच्या शाळेच्या फाटकापाशी उभा दिसला, त्या दुपारी ती आमच्याकडे आली.

"मॅडम, तक्रार केली तर आधी मलाच आत घालतील ना?" हा तिचा पहिला प्रश्न होता, आणि तिच्या याच समजुतीवर त्याची सगळी सत्ता उभी होती. मी तिला सांगितले, की व्यभिचाराचे कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये रद्द केले आहे, आणि ते लागू होते तेव्हाही त्यात विवाहित स्त्रीला शिक्षा नव्हती. ती बराच वेळ रडली. मला त्या माणसाचा संताप आला होता, अजूनही येतो.

पाठलागाच्या गुन्ह्यात, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये, बाईने स्पष्ट नकार दिला होता का, हे महत्त्वाचे ठरते. जुने प्रेम त्या नकाराला खोडत नाही. तिने महिनाभरापूर्वीच "यापुढे मला संपर्क करू नकोस" असे लिहिले होते, आणि त्यानंतरचे त्याचे शेकडो संदेश फोनमध्ये तसेच होते. लाजेपोटी ती ते पुसणारच होती, म्हणून काहीही पुसू नका, हे मी तिला दोनदा बजावले.

नवऱ्याला सांगायचे की नाही, हा निर्णय मी तिच्यावर सोडला. तिने त्याला कक्षातच बोलावून घेतले आणि माझ्यासमोर सगळे सांगितले. तो तिच्याकडे न पाहता ऐकत राहिला, मग मला म्हणाला, "आमचं काय व्हायचं ते नंतर बघू. तो पोराच्या शाळेपर्यंत आलाच कसा?" त्या क्षणी त्याने तिला माफ केले नव्हते, आणि त्याने तसे करावे अशी अपेक्षा धरण्याचा मला अधिकारही नव्हता.

संध्याकाळी पाठलाग आणि धमकीचा गुन्हा नोंदवला गेला. पाठलागाचा पहिला गुन्हा जामीनपात्र असल्यामुळे तो लवकरच बाहेर येणार हे आम्हाला ठाऊक होते. म्हणून मुलाला कोणाच्या ताब्यात द्यायचे, हे दुसऱ्याच दिवशी दोघांनी मिळून शाळेला लेखी कळवले.