गॅलॅक्सला जायचंय? मग डमास्कसवरून जाऊ नका

व्हायोलिन घेऊन अमेरिकेत, नैऋत्य व्हर्जिनियातल्या गॅलॅक्स गावच्या वादकांच्या मेळ्याला, ब्लूग्रास (तिथलं तारवाद्यांवरचं डोंगरी संगीत) ऐकायला, शिकायला निघालेल्या प्रत्येकाला मी आधी रस्त्याचं सांगणार आहे, संगीताचं नंतर. डमास्कस ते व्होल्नी हा यूएस ५८ महामार्गाचा तुकडा टाळा. तीसेक मैलच आहेत, पण त्या तीस मैलांनी माझा अख्खा सोमवार खाल्ला आणि वाद्याचं नुकसान झालं ते वेगळंच.

मी जॉन्सन सिटीला ईस्ट टेनेसी स्टेट युनिव्हर्सिटीत शिकते. इथे १९८२ पासून ब्लूग्रासचं रीतसर शिक्षण मिळतं. पुण्यात बारा वर्षं हिंदुस्थानी व्हायोलिन शिकल्यावर इथे आले. या संगीताभोवती जमणारी माणसं एकमेकांना कशी शिकवतात, हा माझ्या प्रबंधाचा विषय. त्यासाठी २०२४ च्या ऑगस्टमध्ये आठ दिवसांची फेरी आखली: हिल्टन्स, ब्रिस्टल, गॅलॅक्स, फ्लॉइड. ओळखीतल्या एकाने, जो दरवर्षी तिकडे जातो, छातीठोकपणे सांगितलं, "अ‍ॅबिंग्डनपासून ५८ धर आणि सोडूच नकोस, सरळ गॅलॅक्स." नकाशावर ते खरंही दिसतं. अंतर कमी, नंबर एकच.

त्या रस्त्यावर सरळ असं काहीही नाही. डमास्कस सोडलं की तो ओढ्याला चिकटून चढायला लागतो आणि मग वळणावर वळण. कुंभार्ली घाट चालवलेल्याला वाटेल, त्यात काय! पण आपला घाट अर्ध्या-पाऊण तासात संपतो. इथे सव्वा-दीड तास वीस-पंचवीस मैलांच्या वर वेग नेता येत नाही, मागे एखादा पिकअप चिकटलेला असतो, त्याला वाट द्यायला कडेला जागा नसते आणि फोनला रेंज नसते. जवळच माउंट रॉजर्स आहे, व्हर्जिनियातलं सगळ्यात उंच शिखर, ५,७२९ फूट. मी ते पाहिलं नाही. माझी नजर पुढच्या वळणावर होती. उतारावर ब्रेकचा जळका वास यायला लागला तेव्हा कुठे गाडी खालच्या गिअरला टाकायचं सुचलं. तुम्ही चढ संपताक्षणीच टाका. एका वळणावर मागच्या सीटवरची व्हायोलिनची पेटी खाली आपटली आणि त्यानंतर दीड तास ती डिकीत उन्हात तापली. व्हायोलिनचे जोड सरसाने चिकटवलेले असतात आणि उष्णतेने सरस सुटतो. संध्याकाळी पेटी उघडली तर खालच्या बाजूची शिवण बोटभर उघडलेली. वाद्य कधीही डिकीत ठेवू नका. मागच्या सीटवर ठेवा, पट्ट्याने बांधा आणि जेवायला उतरलात तर सोबत न्या.

शहाणपणाचा रस्ता असा: अ‍ॅबिंग्डनहून आय-८१ ने उत्तरेकडे विथव्हिल, तिथून आय-७७ ने दक्षिणेला एक्झिट १४, हिल्सव्हिल, आणि मग ५८ नेच पश्चिमेला गॅलॅक्स. हा ५८ चांगला आहे. मैल जास्त पडतात, पण वेळ कमी लागतो आणि पोटातलं पोटात राहतं. फोनवरचा नकाशा हट्टाने डमास्कस दाखवेल. मध्ये विथव्हिलचा थांबा घाला म्हणजे गप्प बसेल. आणखी एक. मी गेले त्यानंतर सात-आठ आठवड्यांत, सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस, हेलीन वादळात डमास्कसच्या पुढचा हाच रस्ता ओढ्याने जागोजागी वाहून नेला. मी शिव्या दिल्या त्या वळणांवर माणसं राहतात, त्यांची जाण्यायेण्याची वाट तीच होती, हे बातम्या पाहताना फार लागलं. कुणाला त्या बाजूला जायचंच असेल तर आधी व्हर्जिनियाच्या रस्ते विभागाची ताजी स्थिती बघून निघा.

आता गाडीचं भाडं. बस नाही, रेल्वे नाही, गाडीशिवाय ही फेरी होत नाही. संकेतस्थळावर मला दिवसाला ३४ डॉलर दाखवले. काउंटरवर गेल्यावर कळलं की पंचवीस वर्षांखालच्या चालकाला दिवसाला आणखी २७ डॉलर. मी तेवीस वर्षांची. वर विमा, कर, आणि "तुम्ही डोंगरात जाताय" म्हणून रस्त्यावरच्या मदतीची योजना, जी मी घाबरून घेतली आणि जी रेंज नसलेल्या रस्त्यावर कुचकामी ठरली. बिल दुपटीच्या पुढे गेलं. तुम्ही पंचवीसच्या आत असाल तर भाड्याच्या गाडीचा विचारच सोडा. पंचविशी ओलांडलेला एखादा वादक शोधा, त्याच्या नावावर गाडी घ्या, पेट्रोल तुम्ही भरा. माझ्या विभागातली निम्मी मुलं असंच करतात, हे मला परत आल्यावर कळलं.

हिल्टन्सचा कार्टर फॅमिली फोल्ड (जुन्या संगीताचं सभागृह) आणि ब्रिस्टल हे दोन दिवस सुखाचे गेले. फोल्डमध्ये शनिवारी रात्री कार्यक्रम असतो, दारू चालत नाही, विजेवरची वाद्यं चालत नाहीत, म्हातारी माणसं लाकडी फरशीवर टाचा वाजवत नाचतात. ब्रिस्टलला १९२७ च्या उन्हाळ्यात राल्फ पीअरने रेकॉर्ड कंपनीसाठी कार्टर कुटुंबाचं आणि जिमी रॉजर्सचं, म्हणजे कंट्री संगीतातल्या पहिल्या मोठ्या नावांचं, ध्वनिमुद्रण केलं, त्याचं संग्रहालय आहे. तीन तास ठेवा. पुढे.

गॅलॅक्सचं ओल्ड फिडलर्स कन्व्हेन्शन (फिडल म्हणजे इथलं व्हायोलिनच) १९३५ पासून भरतं, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास, गावातल्या फेल्ट्स पार्कमध्ये. मैदानात एक मंच, त्यावर रोज संध्याकाळी स्पर्धा. मी आधी दोन संध्याकाळी मंचासमोर वही घेऊन बसले, त्या वाया गेल्या. स्पर्धा बघायची तर एक तास बघा. खरं गॅलॅक्स मंचामागे आहे, शेकडो तंबू आणि कॅम्परच्या गल्ल्यांमध्ये, रात्री दहा ते पहाटे तीन. प्रत्येक ताडपत्रीखाली पाच-सहा माणसांचं कोंडाळं, प्रत्येकात वेगळी चाल.

आणि इथेच माझी दुसरी फसगत झाली, जी रस्त्यापेक्षा जास्त झोंबली.

फिडल, बँजो, गिटार, उभा बास अशी वाद्यं दिसली की ते ब्लूग्रास, असं मी धरून चालले होते. सोमवारी रात्री अशाच एका कोंडाळ्यात परवानगी विचारून बसले. चाल 'ए'मध्ये, म्हणजे आपली पांढरी सहा. तिसऱ्या आवर्तनाला मी डोळे मिटून मस्त फिरत घेतली, ब्लूग्रासमध्ये ज्याला ब्रेक म्हणतात तसा, आळीपाळीने येणारा एकट्याचा तुकडा. कुणी काही बोललं नाही. सगळे तीच चाल तशीच वाजवत राहिले, नजरा खाली. चाल संपल्यावर शेजारच्या बाईंनी हलक्या आवाजात सांगितलं, "इथे आम्ही सगळे मिळून वाजवतो, कुणी पुढे येत नाही." ते ओल्ड-टाइमचं कोंडाळं होतं. डोंगरातलं जुनं नाचाचं संगीत, ब्लूग्रासच्या आधीचं. एकच चाल दहा-दहा मिनिटं, सगळे एकत्र, तिच्यात बुडण्यासाठी. ब्लूग्रास हे त्यानंतरचं, बिल मनरोने उभं केलेलं. त्याच्या वाद्यवृंदात डिसेंबर १९४५ मध्ये अर्ल स्क्रग्ज आपला तीन बोटांचा बँजो घेऊन आला तेव्हा त्याला आजचं रूप मिळालं. हे सगळं मी परीक्षेत लिहिलं होतं. पण अंधारात ताडपत्रीखाली ते ओळखायचं कसं, हे वर्गात कुणी सांगितलं नव्हतं.

बँजो बघा. (आपल्या गणपतीच्या मिरवणुकीतला बटणांचा बेंजो नव्हे, हा चामड्याच्या गोल तोंडाचा, पाच तारांचा, ज्याचं मूळ आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांच्या वाद्यांत आहे.) मागे लाकडी झाकण, वादकाच्या तीन बोटांत नख्या आणि सुरांची संततधार असेल तर ब्लूग्रास. मागून उघडा बँजो, नख्या नाहीत, हात पंजासारखा वाकवून वरून खाली आघात, तर ओल्ड-टाइम. मेंडोलिन ठेक्याच्या उलट्या मात्रेवर 'चक्' करत असेल तर ब्लूग्रास. तबला नाही, ढोल नाही, तो 'चक्'च ठेका धरतो. एक चाल पूर्ण बाहेर उभं राहून ऐका, मगच खुर्ची मांडा. खुर्ची घडीची आणि बिनहाताची न्या. हात असलेल्या खुर्चीत गज फिरत नाही. मी भारतीय बैठकीत, व्हायोलिनचं टोक पावलावर टेकवून शिकलेली. इथे त्यासाठी कोरडी जमीन मिळत नाही, म्हणून उभ्याने वाजवायचा सराव दोन महिने आधीपासून करा.

ब्लूग्रासच्या कोंडाळ्यात ज्याने चाल काढली त्याच्याकडे बघत राहा. तो मानेने तुमच्याकडे ब्रेक देईल. नको असेल तर मान हलवा, कुणाला राग येत नाही. कुणी गात असेल तर ओळीवर वाजवू नका, दोन ओळींच्या मधली जागा भरा, साथसंगतीत आपण भरतो तशीच. त्याने पाय उचलला की ती शेवटची फेरी. आणि पट्टीची तयारी ठेवा: उंच गळ्याचे गायक सरळ 'बी' सांगतात, म्हणजे पांढरी सात. गिटारवाले कॅपो (पट्टी वर न्यायला गिटारच्या मानेवर लावायचा चिमटा) लावून मोकळे होतात, फिडलला ती सोय नाही. आपल्याला मात्र कुठलाही षड्ज धरायची सवय असते, त्यामुळे माझ्या वर्गातल्या मुलांना अडचण आली तिथे मला आली नाही.

मुलाखतींसाठी मी संमतीचे छापील कागद आणि रेकॉर्डर घेऊन फिरत होते. विद्यापीठाचा नियम आहे, कागद लागतातच. पण ते आधी पुढे केले की माणसं आक्रसतात. पहिल्या दोन दिवसांत मला तीन मुलाखती मिळाल्या, तिन्ही रटाळ. बुधवारपासून कागद पिशवीत ठेवले, दोन तास वाजवलं आणि मगच विचारलं. कुणी नाही म्हणालं नाही.

त्याच बुधवारी रात्री एका म्हाताऱ्या फिडलरच्या तंबूपाशी बसले होते. त्यांनी तारांची जुळणी बदलून 'ए-ई-ए-ई' केली. मी ऐकलं आणि अंगावर काटा आला: सा-प-सा-प. माझ्या गुरुजींनी पहिल्या दिवशी लावून दिलेली जुळणी, फक्त षड्ज पांढरी सहा. मी माझ्या तारा तशाच लावल्या, त्यांनी माझ्याकडे बघितलं, काही न विचारता चाल सुरू केली. खालच्या तारा आपोआप घुमत होत्या, तंबोऱ्यासारख्या. ती चाल आम्ही किती वेळ वाजवली ते सांगता येत नाही. नंतर त्यांनी आपल्या आजोबांची जुळणी म्हणून अशा चार जुळण्या दाखवल्या, मी त्यांना भूपाची आरोही-अवरोही वाजवून दाखवली, आणि त्यांनी ती दुसऱ्या फेरीला उचलली. पाच सूर, त्यांच्या कितीतरी चालींत तेच पाच आहेत. प्रबंधाचं एक पूर्ण प्रकरण त्या रात्रीचं आहे. तुम्ही जाल तेव्हा झोपेचं गणित मांडूच नका. दुपारी झोपा.

गुरुवारी पाऊस. मैदानाचा चिखल झाला, माझा तंबू उताराच्या तळाशी होता आणि रात्रीत आत पाणी आलं. वरच्या बाजूची जागा मिळवायला रविवारीच पोहोचा. वाद्यासाठी रेनकोट वेगळा, तुमच्यासाठी वेगळा.

शाकाहाऱ्यांसाठी: सूप बीन्स आणि मक्याचा ब्रेड दिसला म्हणून हरखू नका, त्या बीन्समध्ये बहुधा डुकराचं मांस शिजवलेलं असतं. विचारा. मी भाजणी आणि मेतकूट नेलं होतं, त्यावर आठवडा निघाला. छोट्या गॅसवर थालीपीठ लावलं की शेजारचे तंबू आपणहून येतात.

शुक्रवारी फ्लॉइडला गेले, तिथल्या कंट्री स्टोअरमध्ये दर शुक्रवारी रात्री नाच असतो. हिल्सव्हिलहून २२१ ने जा. ब्लू रिज पार्कवेवर ४५ मैलांची मर्यादा, धुकं आणि हरणं आहेत, अंधार पडल्यावर नकोच. आत भरपूर गर्दी होती, पण मी बराच वेळ बाहेर फुटपाथवरच्या कोंडाळ्याशेजारी उभी राहिले. मागून उघडा बँजो, नख्या नाहीत. चाल संपेपर्यंत थांबले, पेटी उघडली, शिवणीवर लावलेली चिकटपट्टी तपासली आणि सगळ्यांबरोबर वाजवायला लागले.