जिन्यातला माल

दुपारी रद्दीवाला आला. वर्तमानपत्रे तोलताना त्याच्या गोणीत काच किणकिणली आणि मी सहज विचारले, तेव्हा त्याने गोणीचे तोंड किंचित उघडून दाखवले. आत चपट्या क्वार्टर होत्या, दोन खंबे होते आणि देशी संत्र्याची एक बाटली होती. "सगळा याच जिन्यातला माल आहे, साहेब," तो म्हणाला. वास्तविक आमच्या जिन्यात कोणीच पीत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा सूरही काहीसा तसाच आहे. १५ ते ४९ वयाच्या पुरुषांपैकी आपण मद्य घेतो असे सांगणारे २००५-०६ मध्ये ३२ टक्के होते, २०१५-१६ मध्ये २९ टक्के झाले आणि २०१९-२१ मध्ये २२ टक्केच उरले. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज मात्र असा की, २००५ साली पंधरा वर्षांवरील माणशी २.४ लिटर असलेला शुद्ध मद्यार्काचा खप २०१६ साली ५.७ लिटरवर गेला. आणि नोंदीत येणाऱ्या मद्यार्कात नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा बिअर-वाइनचा नसून कडक दारूचा आहे. पिणारे घटले आणि उरलेले अधिक पिऊ लागले, असे एखादा अर्थशास्त्री म्हणेल. मला आपले वाटते की, प्रश्न विचारणारा दारात उभा असतो आणि घरधनीण दाराआड.

हा आडपडदा जुनाच आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर पिणाऱ्याला परवाना लागू लागला आणि प्रकृतीच्या कारणास्तव तो मिळत असे. आमच्या धाकट्या काकांची प्रकृती तेवढ्यापुरती नाजूक होती. त्यांची बाटली औषधांच्या कपाटात, खोकल्याच्या औषधाला खेटून, वर्तमानपत्रात गुंडाळलेली असे, आणि आजी तिला अखेरपर्यंत 'त्याचे टॉनिक' म्हणत राहिली. पुढे कायदा सैल झाला. परंतु परवान्याची अट कागदावर राहिली, 'परमिट रूम'ची पाटी राहिली आणि दुकानदार अजूनही बाटली वर्तमानपत्रातच गुंडाळून देतो. सरकारी नावसुद्धा 'भारतीय बनावटीचे विदेशी मद्य'! जगात सर्वांत जास्त व्हिस्की आपला देश रिचवतो, आणि तिच्यातले बरेचसे स्पिरिट आपल्याच उसाच्या मळीचे असते.

रद्दीवाल्याने गोणीला गाठ मारली आणि विचारले, "तुमच्याकडच्या काही आहेत का?"

मी नाही म्हणालो. आतल्या खोलीत सौभाग्यवती जाग्या होत्या.