लेझर डायोड ड्रायव्हर: एक डायोड गेला, दुसरा जिवंत आहे

आधी रेग्युलेटरवर (व्होल्टेज स्थिर ठेवणारी चिप, एलएम३१७) २.२ व्होल्ट सेट करून लाल ६५० नॅनोमीटरचा लेझर डायोड थेट चालवत होतो, ते बंद केलं. डायोड तापला की त्याला लागणारा व्होल्टेज खाली येतो आणि आपण २.२ वरच अडून बसलो की करंट वर वर चढत जातो, मग अजून तापतो. म्हणून तोच एलएम३१७ आता करंट मोडमध्ये लावलाय, आउट आणि अ‍ॅडजस्टच्या मध्ये रेझिस्टर आणि डायोडची प्लस वायर अ‍ॅडजस्टच्या पिनवरून. त्या दोन पिनांमध्ये तो १.२५ व्होल्ट धरून ठेवतो, म्हणजे ४७ ओहमला २६.६ मिलिअँप.

एका लिथियम सेलवर भागेल असं वाटलेलं, पण ३.७ मधून डायोडचे २.२ आणि रेझिस्टरचे १.२५ गेले की रेग्युलेटरला पाव व्होल्ट उरतो, त्याला दीड-दोन तरी लागतात. मग दोन सेल सिरीजमध्ये.

आधी लेझरच्या जागी चाचणीपुरता डमी लोड म्हणून तीन १एन४००७ (साधे रेक्टिफायर डायोड) सिरीजमध्ये आणि खाली १ ओहम (त्यावर जितके मिलिव्होल्ट तितके मिलिअँप, एवढं सोपं). मीटरवर २६ दिसले, खूश झालो, आणि बॅटरी चालू असतानाच डमी काढून लेझर डायोड जोडला. डोळ्याची पापणी लवते न लवते तोवर लख्ख उजेड आणि मग नुसता मिणमिणता लाल. लेझरचा एलईडी झाला!

चूक आउटपुटला लावलेल्या १० मायक्रोफॅरड कपॅसिटरची, म्हणजे खरं तर माझीच. लोड काढला की करंट वाहायला वाट नाही, मग रेग्युलेटर व्होल्टेज चढवतच जातो आणि कपॅसिटर ७ व्होल्टपर्यंत भरून बसतो, ते सगळं एका झटक्यात डायोडमध्ये गेलं.

दुसऱ्या वेळी आधी बॅटरी काढली, कपॅसिटर रेझिस्टरने रिकामा केला, डायोड सोल्डर केला, त्याला उलटा एक १एन४००७ समांतर लावला आणि मगच स्विच. वीस मिनिटं खरखरीत भिंतीवर चालवला (चकचकीत काही समोर नको, डोळे दोनच आहेत), करंट हलला नाही. रेग्युलेटर थंडच, डायोडचं हाउसिंग मात्र कोमट लागतंय, त्यामुळे त्याला अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा बसवायचाय.

पुढे ४७ च्या जागी ३९ ओहम आणि सिरीजमध्ये १०० ओहमचा पॉट (नॉबने बदलता येणारा रेझिस्टर), म्हणजे नॉब शून्यावर गेला तरी करंट ३२ मिलिअँपच्या वर जाणार नाही, माझ्या डायोडची मर्यादा ३५ आहे.