टिन व्हिसलचं नवं डोकं: मिरजेचा बूच आणि पांढरी पाच

टिन व्हिसल म्हणजे टोकाकडून फुंकायची सहा भोकांची बारीक धातूची बासरी. माझ्या डी पट्टीच्या पितळी व्हिसलचं प्लॅस्टिकचं डोकं, म्हणजे फुंकायचा भाग, खिडकीपासून (त्यावरच्या चौकोनी भोकापासून) मागपर्यंत तडकलं होतं. अशी चीर चिकटवून फारसं भागत नाही. हवा गळत राहते आणि खालचे स्वर आधी जातात. नळी मात्र ठणठणीत. म्हणून डोकं नवं करायचं आणि पुढे हिला बासरीच्या बोटांनीच वाजवायचं ठरवलं.

डोक्याला अर्ध्या इंची सीपीव्हीसी (नळकामाच्या प्लॅस्टिकच्या) पाइपचा तुकडा. आतून पॉलिशपेपरने घासत गेलं की नळी त्यात घट्ट सरकते. जोड चिकटवलेला नाही, तंबोऱ्याला मिळवताना हलवायला लागतो. जुनं डोकं टाकण्याआधी धारेपासून (खिडकीची पातळ कड, जिच्यावर फुंक आपटते) पहिल्या भोकापर्यंतचं अंतर मात्र मोजून ठेवा. ते कमी पडलं तर सगळेच स्वर चढतात, पण धारेजवळच्या भोकांचे जास्त. मग षड्ज जुळवावा तर निषाद रुसतो.

डोक्याच्या तोंडात बसणाऱ्या बुचाचं लाकूड मिरजेचं. तंबोऱ्याच्या दांडीला तून वापरतात, त्यातलाच बोटभर उरलेला तुकडा एका कारखान्यातून मिळाला. मिरजेत हा धंदा उभा केला तो हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी, त्यामुळे मोडक्या शिट्टीची चौकशी केली तरी तिथे कुणी हसलं नाही. तून हलकं, कानशीखाली पटकन उतरतं. बूच गोल करून वरची बाजू सपाट केली. ती सपाटी आणि पाइप यांच्यामधली फट म्हणजेच फुंकेची वाट. मी ती जेमतेम एक मिलिमीटर ठेवली आहे.

खरं काम खिडकीचं. फट संपते तिथून धारेपर्यंतचं अंतर आखूड असेल तर जराशा फुंकेने स्वर वरच्या सप्तकात उडी मारतो. लांबवलं की खालचा स्वर भरतो, पण वरच्याला दम लागतो. माझा मंद्र पंचम, म्हणजे सगळ्यात खालचा स्वर, सारखा उडत होता, म्हणून धार कानशीच्या एकेका हाताने मागे घेतली. घासून काढलेला पाइप परत लावता येत नाही, तेव्हा घाई नको. बुचाची पुढची वरची कड किंचित मारल्यावर फुसफुस बरीच कमी झाली.

आता बोटं. वरची तीन भोकं बंद म्हणजे सा, पांढरी पाच (पेटीची पाचवी पांढरी पट्टी, म्हणजे जी). सगळी बंद केली की मंद्र पंचम, सगळी उघडली की तीव्र मध्यम. त्यामुळे यमन अर्धं भोक न धरता वाजतो, भूप तर सोपाच. शुद्ध मध्यमाला पहिलं भोक अर्धं धरावं लागतं आणि या बारीक भोकांवर ते अवघड जातं. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, बांबूच्या बासरीसारखी येत नाही, तो नाद सोडला.

सध्या मध्य धैवत थोडा खरखरतो.