करमत नाही म्हणणाऱ्यांसाठी : आमची वाटचाल

परदेशी जाणाऱ्या-येणाऱ्यांसाठी आम्ही पुण्यात कौन्सेलिंग, म्हणजे समुपदेशन करतो, त्याची सुरुवात सांगायची तर जर्मनीतल्या स्टुटगार्टपासून सांगावी लागेल. नवऱ्याचा प्रोजेक्ट होता, मी सोबत गेले, चार वर्षं राहिलो. डिसेंबरात दुपारी साडेचारलाच अंधार, रविवारी दुकानं बंद, रस्ता सामसूम, आणि मी खिडकीत बसून घरच्या फोनची वाट बघायचे. डॉक्टरांनी थेरपिस्टकडे जा सांगितलं पण तिथं महिनोन्महिने वेटिंग, शेवटी इंग्रजी बोलणाऱ्या एक बाई मिळाल्या, खरंच चांगल्या होत्या, पण मी त्यांना होमसिक एवढंच सांगू शकले. होमसिक नव्हते हो मी, मला करमत नव्हतं. आपल्याकडे कुणी "करमत नाही गं" म्हटलं की समोरची बाई व्याख्या विचारत नाही, जवळ येऊन बसते.

परत पुण्याला आलो तेव्हा वाटलं, सुटलो. आणि पहिले आठ महिने स्टुटगार्टपेक्षा वाईट गेले. कुणाला सांगायची सोय नाही, कारण सगळ्यांचं एकच, "घरीच तर आलीस ना, आता काय?" हे वाक्य मी नंतर आमच्या खोलीत इतक्या लोकांच्या तोंडून ऐकलंय की आमचं काम कशासाठी आहे ते या एका वाक्यात सांगता येईल.

सायकॉलॉजीत एमए आधीच झालं होतं, जाण्याआधी एका कॉलेजात मुलांचं समुपदेशन करायचे. मग पुन्हा ट्रेनिंग केलं, सीनियर मॅडमकडे सुपरव्हिजन, म्हणजे आपलं काम त्यांच्याकडून तपासून घेणं, लावलं आणि कोथरूडला मावशीच्या बिल्डिंगमधली तळमजल्यावरची एक खोली घेऊन बोर्ड लावला, परदेशी जाणाऱ्या-येणाऱ्यांसाठी कौन्सेलिंग. पहिले कितीतरी दिवस लोक आत येऊन विचारायचे, एमएसची ॲडमिशन करून देता का, व्हिसाचे किती घेता. पुण्यात कौन्सेलिंग म्हणजे ॲडमिशनच. बोर्ड बदलून "मनातलं बोलण्यासाठी" असं लिहिलं तेव्हा कुठं खरी माणसं यायला लागली.

पहिल्यांदा आलेली ताई न्यू जर्सीला अकरा वर्षं राहून सासूबाईंच्या आजारपणासाठी परत आली होती (इथं सांगितलेल्या सगळ्यांची परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत). बाणेरला मोठा फ्लॅट, गाडी, कामाला बाई, आणि ती म्हणाली, मला इथं करमत नाही हे सांगायची लाज वाटते, कारण तिथं असताना रोज पुण्यासाठी रडायचे. मी तिला काय म्हणावं? "होईल सवय, मलाही झाली." ती पुन्हा आली नाही. बरेच दिवस मी तिचा विचार करत होते, कारण सगळं जग तिला जे सांगत होतं तेच मीही सांगितलं होतं. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे, पहिल्या दोन सेशनमध्ये सल्ला द्यायचा नाही, स्वतःचा अनुभव सांगायचा नाही, फक्त ऐकायचं.

आता मी कागदावर डब्ल्यू काढून दाखवते. गुलाहॉर्न नावाच्या दोघा अमेरिकन अभ्यासकांनी १९६३ मध्ये मांडलं होतं की परदेशात गेल्यावर मन जसं आधी वर, मग खाली, मग पुन्हा वर येतं तसंच घरी परतल्यावरही एकदा खाली जातं. सगळ्यांचा आलेख असा जात नाही, पुढच्या अभ्यासांत तेही दिसलंय, पण तो दुसरा खड्डा कागदावर बघितला की माणूस पहिल्यांदा मोकळा श्वास घेतो, म्हणजे हे होतं तर, मी कृतघ्न नाहीये.

लॉकडाऊनने आमचं काम पार बदललं. मार्च २०२० ला नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली ती पूर्ववत व्हायला मार्च २०२२ उजाडला. वडील गेले आणि वैकुंठ स्मशानभूमीतलं सगळं मोबाईलवर बघितलं, असं सांगणारे लोक स्क्रीनवर यायला लागले. त्यांच्यासोबत नुसतं बसावं लागायचं. एक दादा तर पूर्ण तासभर वडिलांच्या स्कूटरबद्दलच बोलले, मध्ये थांबवायचं मला सुचलं नाही आणि थांबवायचं नव्हतंच.

मग २०२२ च्या शेवटाला अमेरिकेतल्या आयटी कंपन्यांनी माणसं कमी केली. एच-वन-बी, म्हणजे तिथल्या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याची नोकरी गेली की जास्तीत जास्त साठ दिवस, तेवढ्यात नवी नोकरी नाहीतर दुसरा व्हिसा नाहीतर सामान बांधायचं, कर्जाचं घर असो की शाळेतली मुलं असोत. असाच एक मुलगा रोज ऑफिसला जातोय असं आईला सांगत होता. आई कर्वेनगरला एकट्या, त्यांनीही मोतीबिंदूचं ऑपरेशन मुलापासून लपवलेलं, उगाच काळजी करेल म्हणून. दोघांच्या इच्छेने एकत्र सेशन ठेवलं, आई आमच्या खोलीत, मुलगा स्क्रीनवर. ऑपरेशनचं कळल्यावर मुलगा चिडला, मग त्याने स्वतःचं सांगितलं, तशा आई म्हणाल्या, "मग तू रागावतोस कुठल्या तोंडाने?" आणि दोघं एकदम रडायलाच लागले. "सगळं ठीक आहे" हे आपल्या घरांतलं सगळ्यात महागडं वाक्य आहे असं माझं ठाम मत आहे.

आज आम्ही चौघी आहोत, त्यातली एक आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी असलेली क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. बाणेर-बालेवाडीला बाहेरून परतलेली बरीच कुटुंबं राहतात म्हणून तिकडे दुसरी खोली घेतली, तिथं मुलांचंच काम जास्त. नऊ-दहा वर्षांचं पोर, शाळेत मराठी सक्तीची, देवनागरी येत नाही, घरी आजी कौतुकाने त्याच्या उच्चारांवर हसते आणि त्याला ते कौतुक कळत नाही. आजीशी बोलावं लागतं आधी.

काही गोष्टी आम्ही करत नाही. अमेरिकेत लायसन्स राज्याराज्याचं वेगळं असतं, त्यामुळे तिथल्या माणसाचे उपचार तिथल्याच थेरपिस्टकडे, आम्ही परतीची तयारी आणि इथल्या घरच्यांशी बोलणं एवढंच बघतो. औषधाची गरज दिसली की सायकिॲट्रिस्टकडे पाठवतो. आणि पहिल्या कॉललाच शहर आणि जवळच्या एका माणसाचा नंबर मागतो, कारण रात्री जिवावर बेतलं तर पुण्यातून मी काय करणार, म्हणून मदतीचे नंबर, अमेरिकेत ९८८, जर्मनीत ११२, भारतात टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६, हे आधीच लिहून देतो.

ती न्यू जर्सीची ताई तीन वर्षांनी पुन्हा आली. मी आधी माफी मागितली. ती म्हणाली, ते राहू दे, आता नवरा परत जाऊ म्हणतोय आणि मला पुणं सोडवत नाहीये. सध्या तिच्यासोबत त्यावर काम चाललंय, नवराही येतो, तो कामासाठी कॅलिफोर्नियात असला की त्याच्या सोयीने आम्ही सकाळी सातला बसतो, तिथं तेव्हा आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात, नोव्हेंबरात घड्याळं मागे गेली की साडेपाच.